स्वस्त किती दिवस पुरतं? – घरखरेदीचा हिशोब

आठवडे बाजारात भाव करण्यात आपला हात धरणारं कोणी नाही. "काय भाव शे भाऊ?" असं विचारायचं, भाव ऐकून एक पाऊल मागे घ्यायचं, आणखी दोन ठिकाणी चौकशी करायची, मग परत पहिल्याकडेच येऊन पाच रुपये कमी करून घ्यायचे. हे कौशल्य आहे, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. भाजीत, फळात, मडक्यात ते रोज उपयोगी पडतं.

पण भाजी आज घेतली आणि आजच संपली. चप्पल, कुकर, पंखा, गॅसची नळी या वस्तू महिनोन्‌महिने वापरायच्या असतात. तिथेही आपण भाजीचाच नियम लावतो, की समोर ठेवलंय त्यात कमी भावाचं कोणतं? या पाठात आपण दोन वेगळे प्रश्न विचारायला शिकू. ही वस्तू किती दिवस पुरेल? आणि मध्येच तिने दगा दिला तर पैशाशिवाय आपलं आणखी काय जाईल? बैठकीत वाचणार असाल तर वही-पेन जवळ ठेवा, आकडेमोड थोडीशीच आहे.

चपलेचा हिशोब

समजा, बाजारात १२० रुपयांची प्लास्टिकची चप्पल आहे. शेतात वापरली तर तीन महिन्यांत तिचा अंगठा तुटतो. म्हणजे महिन्याला ४० रुपये. शेजारच्या दुकानात जाड तळाची, शिवलेल्या पट्ट्यांची चप्पल ३६० ला आहे, ती दीड वर्ष चालते. ३६० भागिले १८, महिन्याला २० रुपये. स्वस्त चप्पल दुप्पट महाग पडली! तुमच्या गावातले भाव वेगळे असतील, ते घालून हाच भागाकार करा. किंमत भागिले महिने, एवढंच सूत्र आहे.

आता दुसरा प्रश्न. कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. वेचणीच्या ऐन दिवसात पातळ तळातून बाभळीचा काटा आरपार गेला, तर त्या दिवसाचे किलो गेले. पाय सुजला तर दुसऱ्या दिवसाचेही गेले. वर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. चपलेच्या भावाच्या चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कळत नाही का? कळतं. अगदी नीट कळतं. मग १२० ची का घेतली जाते? कारण त्या दिवशी हातात १५० रुपये असतात, ३६० नसतात. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी. एकदम रोख देता येत नाही म्हणून तीच वस्तू पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. तेव्हा यात दोष बाईच्या अकलेचा नाही, अडचण रोखीची आहे, आणि एकदम थोडी रोख हातात देण्यासाठीच तर आपला गट आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आणखी एक गोष्ट जाता जाता. घरात मुलाचा मोबाईल बारा हजारांचा असतो, मोटारसायकलला चांगल्या कंपनीचंच ऑइल लागतं. स्वस्तातलं घेण्याची पाळी येते ती बहुतेक बाईच्या वस्तूंवर. तिची चप्पल, तिचा विळा, तिचा कुकर, तिच्या चुलीजवळचा पंखा. घरातली काटकसर कुणाच्या पायाखालून निघते, हे एकदा मोजून पाहा.

जिथे कंजूषी करायची नाही

काही वस्तू बिघडल्या तर नुसत्या बंद पडतात. काही बिघडल्या की माणसाला घेऊन जातात. या दुसऱ्या प्रकारात भाव करू नका, असं मी सरळ सांगेन.

कुकरपासून सुरू करू. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणं २०२१ पासून देशभर बंधनकारक आहे. बाजारात तरीही बिनचिन्हाचे कुकर दिसतात, वजनाला हलके आणि दोन-तीनशेने स्वस्त. कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते. शिट्टीची वाट डाळीच्या फेसाने बुजली तर ती वाफ बाहेर सोडायचं काम सेफ्टी व्हॉल्वचं. व्हॉल्व हलक्या धातूचा असेल किंवा वेळेवर वितळलाच नाही, तर झाकण उडतं. चेहऱ्यासमोर. आयएसआय चिन्ह नीट पाहायला शिका. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो आयएस २३४७. चिन्हाच्या खाली सीएम/एल लिहून पुढे परवान्याचा क्रमांक असतो. नुसतं चिन्ह छापलंय आणि खाली क्रमांक नाही, तर ते चिन्ह खोटं समजा. गटातल्या कुणाच्या फोनवर 'बीआयएस केअर' हे सरकारी अ‍ॅप घेऊन ठेवा. तो क्रमांक त्यात टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. आणि चांगला कुकर घेतला तरी त्याचं रबर आणि व्हॉल्व त्याच कंपनीचे घ्या. फुटपाथवरचं वीस रुपयांचं रबर लावून चांगल्या कुकरचा वाईट कुकर करू नका.

गॅसची नळी. एजन्सीत मिळणारी नारंगी 'सुरक्षा' नळी आतून तारेच्या जाळीची असते, तिला उंदीर सहजासहजी कुरतडू शकत नाही. ती साधारण दोनशे रुपयांच्या आसपास मिळते आणि पाच वर्षं चालते. म्हणजे महिन्याला चार रुपयेसुद्धा नाही. बाजारातली साधी रबरी नळी तिच्याहून स्वस्त असते, पण तिला भेगा कधी पडल्या ते नाकाला वास येईपर्यंत कळत नाही. नळीवर वर्ष छापलेलं असतं. आज घरी गेल्यावर बघा.

आता वीज. आपल्याकडे घरं पत्र्याची, कपडे वाळत घालायची तार पत्र्याला नाहीतर लोखंडी खांबाला बांधलेली, आणि त्याच पत्र्यावरून घरात आलेली विजेची वायर. हलक्या वायरचं आवरण उन्हाने तडकतं. पावसाळ्यात ओले कपडे तारेवर टाकायला बाई हात वर करते आणि तिथेच चिकटते. अशी बातमी दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतेच. वायर घ्यायची ती आयएसआयचीच, आणि जोडायची ती माहीतगार वायरमनकडून. जमलं तर मीटरजवळ आरसीसीबी बसवून घ्या. पुष्कळजणी म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे ना! एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाला शॉक लागल्यावर एका पलकेत वीज तोडते ती आरसीसीबी. घरासाठी ३० मिलिअँपिअरची मागायची. दीड-दोन हजारांचा खर्च आहे, लहान नाही. पण घरात रांगतं मूल असेल, गोठ्यात पाण्याची मोटार असेल, तर टीव्हीच्या आधी हिचा नंबर लावा.

थंडीत धुळे-साक्रीकडे पहाटे अंग गोठतं तेव्हा पाणी तापवायचा रॉड निघतो. शंभर-दीडशेला मिळणारा बिनचिन्हाचा रॉड घेऊ नका, एवढंच. आणि कोणताही रॉड असो, पाणी गरम झालं का हे बोट घालून पाहायच्या आधी पिन काढा.

चुलीपुढे अंगावर काय असतं, हाही खरेदीचाच भाग. पॉलिस्टरची साडी-गाऊन स्वस्त, धुवायला सोपा, इस्त्रीची कटकट नाही. पण पेटला की तो वितळून अंगाला चिकटतो. सुती कापडही पेटतं, मात्र ते कातडीला असं चिकटत नाही, ओढून काढता येतं. स्वयंपाकापुरते दोन सुती गाऊन ठेवा. फुले मार्केटमधून कापड आणून गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडून शिवून घेतले तर तयार गाऊनपेक्षा फार महाग पडत नाहीत. मे महिन्यात त्याचा आणखी एक फायदा काय, ते सांगायला नको.

फवारणीचे हातमोजे

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. आपलाही पट्टा कापसाचाच. बायका पंप पाठीवर कमी घेतात, पण औषध कालवून कोण देतं? पाणी कोण भरून देतं? फवारणीचे कपडे रात्री कोण धुतं? कीटकनाशक अंगात जातं ते मोठ्या प्रमाणात कातडीतून. तोंडाला बांधलेला रुमाल आणि हाताला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी यांनी समाधान होतं, बचाव होत नाही. ओला झालेला रुमाल तर औषध नाकाशीच धरून ठेवतो.

इथे घ्यायचे ते नायट्राइलचे, कोपराकडे लांब असलेले हातमोजे. धुवून पुन्हा वापरता येतात. सोबत डोळ्यांचा चष्मा आणि फवारणीसाठीचा मास्क. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही वाचायला शिका. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मजुरीने फवारणीला जाणाऱ्या घरांनी हे साहित्य मालकाकडे मागावं. मालक देत नसेल तर गावपातळीवर ग्रामसंघाने चार-पाच संच घेऊन ठेवावेत आणि भाड्याने द्यावेत. शेतीची अवजारं भाड्याने देतोच की आपण.

हळद, तिखट आणि सुटं तेल

शेवभाजीवर लाल तर्री आली नाही तर घरातली माणसं ताटावरून उठत नाहीत, तसं आपलं खान्देश. पण तो रंग मिरचीचा आहे की डब्यातल्या रंगाचा? सुटी हळद पूड पिवळी धमक दिसावी म्हणून तिच्यात रंग मिसळतात, काही ठिकाणी तर शिसं असलेला लेड क्रोमेट नावाचा रंग. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि त्याचं नुकसान भरून येत नाही. घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. पेल्यात पाणी घ्या, चमचाभर हळद वर सोडा, हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. ही परीक्षा म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण बाजारातल्या दोन हळदी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक कळतो.

खरा उपाय जुनाच आहे. हळकुंड घ्यायचं, अख्खी मिरची घ्यायची, अख्खे धने घ्यायचे आणि मसाला कांडपावर दळून आणायचे. पुडीपेक्षा महाग पडतं, हे खरं. पण हळकुंडात भेसळ करणं अवघड असतं. दहा-बारा जणींनी मिळून हंगामात पोत्याने घेतलं तर तो फरकही बराच कमी होतो. वर्षाला एका घराला हळद लागते तरी किती? त्यातले पन्नास-शंभर रुपये वाचवण्यात काय हशील.

तेलाचंही तसंच. सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, तरी डब्यातून मोजून देणं थांबलेलं नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं होतं. पन्नासहून जास्त लोक दगावले, आणि पाय सुजून दवाखान्यात गेले ते वेगळेच. बंद पुडक्यावर १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि तारीख असते, काही झालं तर बोट दाखवायला जागा असते. सुट्या तेलाचा धनी कोण? गावातल्या घाण्यावर आपल्या डोळ्यांसमोर आपल्याच शेंगदाण्याचं तेल काढून आणत असाल, तर ती गोष्ट वेगळी. त्याच्यासारखं तेल नाही.

दादरविषयी मात्र मी हिशोब मांडणार नाही. दादरची ज्वारी हायब्रीडपेक्षा महाग असते, तिच्या भाकरीने विजेचं बिल कमी होत नाही की दवाखाना टळत नाही. पण ती भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते आणि गोड लागते. दिवसभर राबून आल्यावर चांगली भाकरी खावीशी वाटणं, याला कारण लागत नाही.

पंखा आणि बिल

जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो. आपल्या घरात पंखा फेब्रुवारीच्या शेवटी लागतो तो दिवाळीच्या आसपास थांबतो. साधा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. बीएलडीसी मोटारचा पाच स्टारचा पंखा सुमारे ३० वॅट. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. तुम्हाला युनिट आठ रुपयांनी पडत असेल तर १६० रुपये झाले. दोन पंख्यांच्या किमतीत समजा १३०० रुपयांचा फरक आहे, तर तो आठ महिन्यांत, म्हणजे एका हंगामात, निघून येतो. त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा फायद्यात.

तुमचा वापर १०० युनिटच्या आत असेल तर तुमचा दर कमी असतो, मग फरक निघायला जास्त महिने लागतील. म्हणून दुसऱ्याचं ऐकून घेऊ नका, स्वतःचं बिल समोर ठेवा. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारची पट्टी असणं सक्तीचं झालंय. पट्टी नसेल तर पंखा जुन्या साठ्यातला किंवा बिननावाचा. 'शंभरात पाच' एलईडी बल्बचीही तीच कथा. दुकानदार तारीख टाकून वॉरंटी देत असेल तरच घ्या.

सोनं

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि आपल्यातली प्रत्येक जण कापसाचे पैसे आले की निदान मणी तरी करतेच. सोनं म्हणजे दागिना कमी आणि अडीअडचणीचं खातं जास्त. म्हणून ते मोडायच्या दिवशी काय मिळेल, हे घ्यायच्या दिवशीच ठरतं. बिनबिलाचं, बिनहॉलमार्कचं सोनं 'घरचा माणूस' म्हणून थोडं स्वस्त मिळतं. पण मोडायला गेलं की वितळवून पाहतो म्हणतात, तूट धरतात, आणि २२ कॅरेट म्हणून घेतलेलं १८ च्या भावात जातं. हॉलमार्कचं शुल्क एका नगाला ४५ रुपये आणि वर कर. नग मोठा असो की लहान, तेवढंच. दागिन्यावर तीन खुणा पाहा. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांकही त्याच 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तपासता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. तेव्हा सुट्या मण्यांच्या बाबतीत बिल हाच पुरावा, त्यावर कॅरेट आणि वजन लिहून घ्या.

जास्त पैसे देणंही फसवणूक असू शकतं

हे सगळं ऐकून कुणी 'महाग ते चांगलं' असं धरून चाललं तर दुकानदाराची दिवाळी होईल. काही ठिकाणी स्वस्तच बरोबर असतं.

उन्हाने जुलाब-उलट्या झाल्या की दुकानातून रंगीत, गोड, डबाबंद पेय आणलं जातं. आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेली ओआरएसची साधी पुडी आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, मोठी पुडी असेल तर एक लिटरमध्ये, मिसळायची. गोड पेयात साखर इतकी जास्त असते की जुलाब वाढू शकतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. इथे महागडा डबा घातक आणि फुकटची पुडी औषध.

रक्तदाब, साखर यांच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात कितीतरी कमी किमतीत मिळतात. त्यात औषध तेच असतं, वेष्टन साधं असतं. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. मुलांची उंची वाढवणारी पावडर? शेंगदाणा-गुळाचा लाडू करा, बस.

कपाशीच्या बियाण्यात तर भाव सरकार ठरवतं. बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. गाजलेल्या वाणाची टंचाई दाखवून कुणी जास्त मागत असेल तर तो काळाबाजार आहे. त्या जास्तीच्या पैशाने उगवण वाढत नाही. आणि कुणी मोकळ्या पिशवीतून, बिनबिलाचं 'तणनाशक मारलं तरी मरत नाही' असं बियाणं देत असेल, तर ते बेकायदेशीर आहे. उगवलं नाही तर दाद मागायला तोंड राहत नाही. पक्कं बिल घ्या. पाकीट खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचं लेबल शाबूत राहतं. मूठभर बी त्यातच ठेवून पीक निघेपर्यंत सांभाळा. एकराचं पीक त्या मुठीवर टांगलेलं असतं.

मग एकदम पैसे आणायचे कुठून?

आता गटाकडे. अंतर्गत कर्ज देताना आपल्याकडे एक समजूत पक्की आहे, की शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी हे चांगलं कर्ज आणि कुकर, पंखा, चप्पल हा नुसता घरखर्च. इतिवृत्तात कारण लिहिताना बायका संकोचतात, 'शेतीसाठी' असं खोटंच लिहून टाकतात. मला हे पटत नाही. महिन्याला १६० रुपये वाचवणारा पंखा वर्षाकाठी काही शेळ्यांपेक्षा बरा ठरेल, आणि तो मरत नाही. हातमोज्यांनी वाचलेली मजुरी ही कमाईच आहे. कारण खरं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी गटाला कळेल की कोणतं कर्ज फळलं.

आकडा पाहू. पंख्यासाठी ३००० रुपये घेतले, शेकडा २ दराने, महिन्याला ५०० मुद्दल फेडायची. व्याज पहिल्या महिन्यात ६०, मग ५०, ४०, ३०, २०, १०. एकूण २१० रुपये. तेही आपल्याच गटाच्या पेटीत. दुकानात 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे देतात त्यात फाइल चार्ज, विमा, उशिराचा दंड असं काय काय असतं. तो कागद कोषाध्यक्ष ताईला दाखवल्याशिवाय सही करू नका. मात्र एक पथ्य पाळा. वस्तू घेण्यापूर्वी गटासमोर किंमत भागिले महिने हा हिशोब मांडायचा. हिशोब बसत नसेल तर कर्ज नाही. लग्नातल्या मानपानाची भांडी या नावाखाली आत घुसवायची नाहीत.

दुसरा मार्ग एकत्र खरेदीचा. ग्रामसंघातल्या वीस जणींना कुकर हवा असेल तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या ठोक दुकानात जाऊन बोला. वीस नगांचा भाव आणि एका नगाचा भाव एक नसतो. इथे मात्र आपलं बाजारातलं भाव करण्याचं कौशल्य पूर्ण जोराने वापरा. माल कमी प्रतीचा घ्यायचा नाही, चांगल्या मालाचा भाव पाडायचा.

आणि हाच हिशोब आपल्या गिऱ्हाइकापुढेही मांडा. प्रदर्शनात आपले उडदाचे पापड, बिबडे, शेवया दुकानातल्यापेक्षा महाग का, असं कुणी विचारलं की आपण लगेच दहा रुपये कमी करतो. त्याऐवजी सांगा, डाळ कोणती वापरली, सोडा किती घातला, एका पाकिटात किती पापड आहेत, तळल्यावर तेल किती पितात. चांगल्या मालाला जास्त पैसे द्यावेत असं आपण म्हणत असू, तर घेणारीला त्याचं कारण सांगणं आपलं काम आहे. कारण खरंही असायला हवं.

बिलाचं सांगायचं राहिलं. बिल मागितलं की काही दुकानदार म्हणतात, "बिल पाहिजे तर जास्त पडतील." तो जास्तीचा आकडा म्हणजे कर, आणि त्या बदल्यात तुम्हाला हक्क मिळतो. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण बिल लागतं. घरातली सगळी बिलं, वॉरंटीची कार्डं एका पिशवीत घालून ती पिशवी कपाटात अडकवून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी आणायच्या. घराचं चालू वीजबिल, गॅसच्या नळीवर छापलेलं वर्ष चिठ्ठीवर लिहून, आणि कुकरच्या आयएसआय चिन्हाखालचा क्रमांक. ज्यांच्या नळीला पाच वर्षं उलटून गेली असतील त्यांची नावं सचिव ताईंनी त्याच दिवशी लिहून घ्यावीत आणि एजन्सीतून सगळ्यांच्या नळ्या एकदमच मागवाव्यात.